रात्रीच्या मोहिमेवरून न परतलेला गनर : अँड्र्यू मिनार्स्की

कावेरी_हॅमिल्टन (धागाकर्ती)

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक आधी त्यानं काय करून दाखवलं ते सांगतात. अँड्र्यू मिनार्स्कीबद्दल मला आधी हे सांगायचंय की त्याला जे करायचं होतं ते जमलंच नाही. मित्राला सोडवायला गेला, सोडवता आलं नाही, आणि त्यात स्वतः गेला.

जन्म 14 ऑक्टोबर 1916, कॅनडातलं विनिपेग. आईवडील पोलंडहून येऊन स्थायिक झालेले. वडील वारले तेव्हा हा सोळा वर्षांचा होता. घर चालवायला चामड्याच्या कारखान्यात कामाला लागला. 1941 मध्ये कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला आणि शेवटी लँकेस्टर या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानात वरच्या टरेटचा (मशीनगनच्या फिरत्या काचेच्या घुमटाचा) गनर म्हणून नेमला गेला. स्क्वाड्रन 419, तळ इंग्लंडच्या उत्तरेकडचं मिडलटन सेंट जॉर्ज.

12 जून 1944. दोस्त सैन्याला नॉर्मंडीत उतरून आठवडाही झाला नव्हता. जर्मन कुमक रेल्वेनं तिकडे पोचू नये म्हणून फ्रान्समधल्या कांब्रेचं रेल्वे यार्ड उडवायचं ठरलं. विमानातले सातही जण ओळीनं तेराव्या मोहिमेवर निघालेले, आणि मध्यरात्र उलटली की तारीखही तेरा. निघण्यापूर्वी सगळे धावपट्टीशेजारच्या गवतात बसले होते. मिनार्स्कीला तिथं चार पानांचं क्लोव्हर सापडलं. तिकडे ते फार शुभ मानतात. त्यानं ते शेपटीतल्या गनरला, पॅट ब्रॉफीला, देऊन टाकलं.

फ्रान्सवर आल्यावर एका जर्मन युंकर्स 88 विमानानं खालून येऊन गोळ्या घातल्या. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली, पंखाला आग लागली, आणि दुसरी आग विमानाच्या पोटात, नेमकी दोन गनरांच्या मधल्या जागेत. पायलट आर्थर डी ब्रेननं उडी मारायचा हुकूम दिला. मिनार्स्की आपल्या टरेटमधून उतरून मागच्या दारापाशी पोचला. उडी मारायच्या बेतात असताना त्याचं लक्ष शेपटीकडे गेलं. ब्रॉफी काचेआड अडकला होता.

तो वळला. जळत्या तेलातून रांगत गेला. कुऱ्हाडीनं टरेटची दारं तोडायला लागला, मग नुसत्या हातांनी ओढायला लागला. कमरेपासून खाली कपडे पेटले होते. ब्रॉफीनं आतून हातवारे करून त्याला परत जायला सांगितलं. मिनार्स्की तसाच मागे सरकत गेला, पाठ न फिरवता. दारापाशी उभा राहिला, सॅल्यूट केला आणि काहीतरी बोलला. इंजिनांच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ब्रॉफीला ओठांवरून कळलं : "गुड नाइट, सर." ब्रॉफीला आधी अधिकारीपद मिळालं तेव्हापासून मिनार्स्की रोज रात्री झोपायला जाताना थट्टेनं त्याला असंच म्हणायचा.

खाली फ्रेंच लोकांनी पेटलेला माणूस पेटलेल्या पॅराशूटसकट उतरताना पाहिला. त्यांना तो जिवंत सापडला, पण भाजल्यानं थोड्याच वेळात गेला. वय 27.

आणि ब्रॉफी वाचला! म्हणूनच तर हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. टरेटमधला माणूस त्या विमानाबरोबर संपला असता तर नोंदवहीत सात नावांपुढे "परतले नाहीत" एवढाच शेरा उरला असता. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे 55,573 वैमानिक आणि सहकारी मेले. त्यातल्या किती विमानांत असं काही घडलं असेल आणि सांगायला कोणी उरलं नसेल, हे मनातून जात नाही. म्हणून धागा काढला. कोणाला अशा माणसांबद्दल माहिती असेल तर लिहा.

भोचक

ब्रॉफी वाचला म्हणजे कसा? विमान पडलं, तो शेपटीत अडकलेला, बॉम्ब पोटात. हे जरा नीट सांगाल का?

कावेरी_हॅमिल्टन

उतरत उतरत विमान जवळजवळ सपाट आलं आणि डावा पंख एका झाडावर आदळला. विमान गर्रकन फिरलं, शेपटी तुटली आणि टरेट ब्रॉफीसकट बाहेर फेकलं गेलं. शुद्धीवर आला तेव्हा तो झाडाला टेकून पडलेला होता. मनगटावरचं घड्याळ 3:13 ला थांबलेलं. हाड मोडलेलं नाही. पुढे फ्रेंच लोकांनी लपवलं आणि तो इंग्लंडला परतला. सातांपैकी चौघे असे लपून सुटले, दोघे जर्मनांच्या हाती लागले, आणि गेला तो एकटा मिनार्स्की.

पायलटला युद्ध संपेपर्यंत ह्यातलं काही माहीत नव्हतं. ब्रॉफीकडून ऐकल्यावर त्यानं पाठपुरावा केला आणि 11 ऑक्टोबर 1946 ला पदक जाहीर झालं.

हँगरवाले_काका

आयुष्य हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात गेलं (प्रॉपेलरवाली शेवटची पिढी बघितली), त्यामुळे टरेट का अडकलं ते सांगतो.

लँकेस्टरच्या मागच्या टरेटला फिरवायचं हायड्रॉलिक तेल डाव्या बाहेरच्या इंजिनावरच्या पंपातून यायचं. वरच्या टरेटचा पंप उजव्या बाजूला. डावी इंजिनं गेली की मागचा गनर मेला, म्हणजे त्याचं टरेट मेलं. आता त्याला बाहेर पडायचं तर रीत अशी : पॅराशूट टरेटमध्ये मावत नसे, ते मागच्या बाजूला विमानाच्या अंगात अडकवलेलं असे. टरेट सरळ ठेवून दारं उघडायची, पॅराशूट ओढून छातीला लावायचं, मग टरेट पूर्ण आडवं फिरवून पाठीवर बाहेर पडायचं. ब्रॉफीचं टरेट या फिरवण्यातच अडकलं. दारं ना धड आतल्या बाजूला, ना धड बाहेर. अशा वेळेसाठी हातानं फिरवायचा दांडा दिलेला असतो. तो त्यानं इतका जोर लावून फिरवला की मोडून हातात आला. मिनार्स्कीच्या सन्मानपत्रातसुद्धा या मोडलेल्या दांड्याचा उल्लेख आहे.

त्यामुळे कुऱ्हाड असो की दहा माणसं, बाहेरून ते दार उघडणारच नव्हतं. मिनार्स्कीला हे कळत नसेल असं नाही. तो रोज त्याच यंत्रात बसणारा माणूस.

आणि हे शेपटीतलं काम म्हणजे काय होतं तेही ऐका. सात-आठ तास एकट्यानं उलटं तोंड करून बसायचं. बाहेर उणे चाळीस. विजेवर गरम होणारा सूट, तो बिघडला तर बोटं गेलीच. समोरच्या काचेवर तेलाचा एक ठिपका पडला तरी रात्री शत्रूचं विमान वाटायचं, म्हणून कित्येक जण काचेचा तो तुकडाच कापून काढायचे आणि थंडी थेट तोंडावर घ्यायचे.

पेठी_पुणेकर

काका, प्रतिसाद वाचून गार पडलो. धागा छान. (एरवी इथं गनर म्हटलं की लोकांना गावठी कट्टा आठवतो.)

शार्विलक

एक विरोधी सूर लावतो, रागवू नका.

शौर्य मान्य. पण हे विमान कोणाचं? ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचं. 1943 च्या जुलैमध्ये हॅम्बुर्ग जाळलं, तीसपस्तीस हजारांहून जास्त नागरिक मेले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली, आणि लंडनला धान्यासाठी जहाजं देता आली नाहीत. आणि कांब्रेचं म्हणाल, तर ते फ्रेंचांचंच गाव होतं. रेल्वे यार्डांवर बॉम्ब टाकताना किती फ्रेंच मरतील यावर खुद्द चर्चिलच्या मंत्रिमंडळात खडाजंगी झाली होती. आपण मराठी माणसांनी या बॉम्बफेक्यांसाठी गळा का काढावा?

डॉर्टमुंडकर

शार्विलक, मी जर्मनीत, रूरमध्ये राहतो. इथं आजही इमारतीचा पाया खणताना त्या काळचे न फुटलेले बॉम्ब निघतात. मागे आमच्या ऑफिसजवळ निघाला तर दुपारीच सगळ्यांना बाहेर काढलं, शाळेच्या व्यायामशाळेत बसवलं. शेजारी एक आजी होती, थर्मासमधून चहा ओतून देत होती. मी तिला विचारलं नाही, तीच म्हणाली की लहानपणी ती तळघरात बसलेली असायची आणि वर विमानांचा आवाज कधी थांबेल याची वाट बघायची. मग म्हणाली, "तेही पोरंच होते, वीस-बावीस वर्षांचे." एवढं बोलून तिनं मला बिस्किट दिलं.

ती बाई माफ करत होती असं मला वाटलं नाही. दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी माहीत होत्या, बस.

अदिती_लंडन

शार्विलक यांचा प्रश्न इंग्लंडनं स्वतःलाही विचारला आहे, तोंडानं कबूल केलं नसलं तरी. युद्ध जिंकल्यावर चर्चिलनं जे भाषण केलं त्यात बॉम्बर कमांडचं नाव नव्हतं, हे त्या लोकांना मरेपर्यंत लागून राहिलं. ड्रेस्डेन शहर बॉम्बफेकीत जळाल्यानंतर कोणाला ते अंगावर घ्यायचं नव्हतं. लंडनमध्ये ग्रीन पार्कात त्यांचं स्मारक व्हायला 2012 साल उजाडलं, म्हणजे वाचलेले जवळपास नव्वदीचे झाले तेव्हा. राणीच्या हस्ते उद्घाटन झालं. पदकावर लावायची एक छोटी पट्टी मिळाली, तीही 2013 मध्ये.

पण त्या स्मारकावर एक ओळ आहे, 1939 ते 1945 च्या बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांसाठी. ती नसती तर मलाही तिथं उभं राहणं अवघड गेलं असतं.

त्या स्मारकाचं छत बघायला विसरू नका. 1944 च्या मे महिन्यात बेल्जियमवर पडलेल्या एका कॅनेडियन हॅलिफॅक्स विमानाचं अ‍ॅल्युमिनियम वितळवून त्यात वापरलंय. ते विमान दलदलीत रुतलं होतं. 1997 मध्ये खणून काढलं तेव्हा आत तिघांचे अवशेष मिळाले. त्यांना तिथंच लष्करी इतमामात पुरलं. त्या तिघांच्या घरच्यांनी त्रेपन्न वर्षं काय धरून बसायचं होतं? "बेपत्ता" म्हटलं की आशेला जागा राहते, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

भोचक

ज्यांचं काहीच सापडलं नाही त्यांचं काय?

अदिती_लंडन

रनीमीडला टेम्सच्या वरच्या टेकडीवर स्मारक आहे. हीथ्रोहून जवळ. ज्यांची कबरच नाही अशा वीस हजारांहून जास्त हवाई सैनिकांची नावं भिंतींवर कोरली आहेत. खिडक्यांच्या उभ्या चौकटींवर दोन्ही अंगांना नावं, अरुंद पुस्तकांच्या कण्यांसारखी ओळीनं. तिथं आपलं एक नावही आहे : नूर इनायत खान. ती हवाई दलाच्या महिला शाखेतून गुप्तहेर झाली, डाखाऊच्या नाझी छळछावणीत मारली गेली. टिपू सुलतानाच्या घराण्यातली.

मीनल_माणगाव

शार्विलक, "मराठी माणसानं का" याचं उत्तर माझ्या गावात पुतळ्याच्या रूपात उभं आहे.

मिनार्स्की 13 जूनला गेला. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, 10 जुलै 1944, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आमच्या माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे गेला. मराठा लाइट इन्फन्ट्री, नाईक, वय बावीस-तेवीस. सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला, त्याच्या सोबतचे सगळे एक तर मेले नाहीतर जखमी. हा एकटा धावत गेला. ग्रेनेड टाकून बंदूक आणि ती चालवणारा गप्प केला, टॉमीगननं एकाला मारलं, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून तिच्या दांड्यानं उरलेल्या दोघांना. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. ताब्यात घेतलेल्या ठाण्यातच तो पडला. त्यालाही तोच व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर.

मृतदेह सापडला नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. मोंतोने नावाच्या इटालियन गावात 2023 मध्ये त्याच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

आमच्याकडे लहानपणी पुतळ्याशेजारी एसटीची वाट बघायची, एवढाच त्याचा उपयोग होता. मी पंचवीस वर्षांची झाल्यावर त्यावरचा मजकूर पहिल्यांदा पूर्ण वाचला. आमच्याकडच्या खेड्यातला पोरगा इटलीत काय करत होता हा प्रश्न शार्विलक यांचाच आहे, पण तो विचारायलाही आधी त्याचं नाव माहीत हवं ना.

शार्विलक

मीनलताई, मुद्दा पटला. निदान अर्धा. घाडगेंच्या समोर हत्यारबंद सैनिक होते. विमानातून माणूस दिसत नाही, आणि माझा आक्षेप त्या न दिसण्याला आहे. मिनार्स्की व्यक्ती म्हणून मोठाच. फक्त त्या एका माणसाच्या उजेडात बाकीचा धूर दिसेनासा होऊ नये.

कावेरी_हॅमिल्टन

शार्विलक, यावर वाद घालणार नाही, कारण मलाही तेच वाटतं. एक लक्षात घ्या, मिनार्स्कीला पदक बॉम्ब टाकल्याबद्दल मिळालेलंच नाही. त्या रात्री ते विमान कांब्रेपर्यंत पोचलंही नाही. बॉम्ब पोटात तसेच होते.

आता इकडच्यांसाठी. टोरांटोला पीअर्सन विमानतळावर उतरणाऱ्या आपल्या लोकांना कल्पना नसते, पण ते विमान तिथंच बनलं होतं. तेव्हा त्या जागेला माल्टन म्हणायचे. व्हिक्टरी एअरक्राफ्ट कारखान्यात 430 लँकेस्टर तयार झाली, त्यातलंच केबी 726 हे. आता तिथं आपण सामानाच्या पट्ट्यासमोर उभं राहून लोणच्याची बरणी फुटली का ते बघतो.

जगात उडू शकणारी लँकेस्टर आज दोनच. एक इंग्लंडच्या हवाई दलाकडे, दुसरं आमच्या हॅमिल्टनच्या संग्रहालयात. हे दुसरं कित्येक वर्षं गोडरिच गावात खांबावर चढवून ठेवलेलं होतं. 1977 नंतर उतरवून स्वयंसेवकांनी दशकभर खपून ते उडतं केलं, आणि 1988 मध्ये पुन्हा आकाशात गेलं. त्याला मिनार्स्कीच्या विमानाची अक्षरं दिली आहेत, व्हीआर-ए. 2014 मध्ये ते अटलांटिक ओलांडून इंग्लंडला जाऊन आलं, तिकडच्या जोडीदाराबरोबर उडायला. उन्हाळ्यात आमच्या घरावरून जातं. आवाज खिडक्यांच्या आधी छातीत जाणवतो. आता डॉर्टमुंडकरांच्या त्या आजीचं वाचल्यावर तो आवाज मी आधीसारखा ऐकेन असं वाटत नाही.

हँगरवाले_काका

चार मर्लिन इंजिनं एका सुरात नसतात, म्हणून तो घुमा आवाज येतो. चारही तंतोतंत जुळवणं पायलटचं कौशल्य. असो, मी पुन्हा तांत्रिक झालो.

पेठी_पुणेकर

मिनार्स्कीची कबर सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाकडेच खडकीचं युद्ध कब्रस्तानही आहे. मिनार्स्कीचा दगड फ्रान्समध्ये मेहारिकूरला, आपला खडकीत, पण उंची आणि आकार एकच. मोठा अधिकारी असो की शिपाई, दगड सारखाच, हा त्यांचा नियम. रविवारी सकाळी गेलात तर माळी गुलाबांच्या मुळाशी माती चढवत असतो. फिरायला आलेले लोक नावं वाचतात, वय वाचतात आणि मग गप्प होतात. एकोणीस, बावीस, एकवीस.

भोचक

मिनार्स्कीच्या गावी काय आहे?

कावेरी_हॅमिल्टन

विनिपेगला त्याच्या नावाची शाळा आहे. आणि मॅनिटोबा प्रांताची एक रीत मला फार आवडते : युद्धात गेलेल्या आपल्या माणसांची नावं ते तळ्यांना, बेटांना, उपसागरांना देतात. हजारो नावं दिलीत. मिनार्स्कीच्या नावानंही तळी आहेत. पुतळा मात्र मिडलटन सेंट जॉर्जला आहे, जिथून तो निघाला तिथं. 2005 मध्ये तिथल्या लोकांनी पैसे गोळा करून उभारला. पेटलेल्या विमानाच्या दारातला, सॅल्यूट करतानाचा.

अदिती_लंडन

या विमानांतल्या मराठी दुव्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. बॉम्बर कमांडमध्ये आपलाही एक माणूस होता, शैलेंद्र एकनाथ सुखठणकर. नॅव्हिगेटर. म्हणजे अंधारात पडद्याआड बारीक दिव्याखाली नकाशा, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन विमान कुठं आहे ते सांगणारा. तो चुकला की सातही जण चुकले. 45 मोहिमा केल्या, आणि 1943 मध्ये डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे हवाई शौर्यपदक मिळालं. तीस मोहिमांची एक फेरी धरत. ती पुरी व्हायच्या आतच बहुतेक जण संपायचे. हा पंचेचाळीस करून जिवंत राहिला.

त्यातल्या चौदा मोहिमा ज्या लँकेस्टरमधून केल्या ते विमान आजही लंडनमधल्या हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. नाव एस फॉर शुगर. तिकीट नाही, फुकट बघता येतं.

शार्विलक

सुखठणकर! हे माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी मुलीकडे लंडनला येतोय, बघतो.

अदिती_लंडन

जरूर या. नाकाखाली बघा, प्रत्येक मोहिमेचा एक पिवळा बॉम्ब अशा ओळी रंगवल्या आहेत, शंभराच्या वर. त्यांच्या खाली जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची फुशारकी जशीच्या तशी लिहून ठेवली आहे, की शत्रूचं एकही विमान जर्मन भूमीवरून उडणार नाही.

शार्विलक

हा विनोद मात्र मला आवडला. फोटो असेल तर टाका, आणि जवळचं ट्यूब स्टेशन कोणतं तेही सांगा.

अदिती_लंडन

कोलिंडेल, नॉर्दर्न लाइन. तिथून चालत जाता येतं. फोटो घरी गेल्यावर टाकते.